काचेवरच्या दोन रेघा

खोली पाहायला आले त्या दिवशी बाबूजींनी भाडं विचारलं नाही. संडास कुठं, नळ कधी येतो, हेही विचारलं नाही. सरळ पूर्वेच्या खिडकीपाशी गेले, खिशातून रुमाल काढला, काच पुसली आणि म्हणाले, "सकाळचं ऊन इथून सरळ येते का?"

"येते," मी म्हटलं. "उन्हाळ्यात बसवत नाही."

"मले बसाचं नाही. कागद पाहाचे आहेत."

मग रुमालाची घडी करता करता म्हणाले, "आधीच सांगतो, बाई. मागून कळलं तर म्हणाल लपवलं. बायको मेली. एक पोरगा आहे, मुन्ना. नागपुरात एका माणसासंग राह्यते, संसार करून. बारावीत होता तेव्हा मले कळलं आणि मीच त्याले घरातून हाकललं. आता मले त्याच्याकडून एकच गोष्ट पायजे आहे. खोली द्याची असन तर द्या."

लग्न होऊन गोंदियाकडून बालाघाटात आले तेव्हापासून मी याच घरात आहे, आणि नवरा, आमचे मालक, गेल्यापासून ती खोली भाड्यानं देते. दारू पिणारे आले, भाडं बुडवणारे आले, एक जण तर बायको म्हणून बहिणीला घेऊन आला होता. पण किल्ली हातात पडायच्या आधी स्वतःचं सगळं सांगून टाकणारा हा पहिलाच. मी म्हटलं, "नळ सकाळी येते. तुमचं पाणी तुम्ही भराचं."

"हौ जी," म्हणाले आणि सामान आणायला गेले.

सामान म्हणजे एक लोखंडी पेटी, एक गादी आणि बांबूएवढे लांब पत्र्याचे गोल डबे. डब्यांत कागदाच्या गुंडाळ्या. बाबूजी मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत नकाशे काढायच्या खोलीत होते. खाण म्हणजे जमीन पायऱ्यापायऱ्यांनी खणत नेलेला मोठा खड्डा. त्या खड्ड्याचा नकाशा दर वर्षी आरपार दिसणाऱ्या कागदावर काढायचा. मग गेल्या वर्षीचा कागद खाली, या वर्षीचा वर, आणि दोन्ही उजेडाच्या काचेवर ठेवायचे. दोन रेघांच्या मधात जे दिसतं ते वर्षभरात खणून नेलेलं. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

नोकरी संपली तरी त्यांचा हात थांबला नव्हता. त्यांच्या मते जगातली कोणतीही गोष्ट दोन रेघांत बसायची. आडवी रेघ म्हणजे गेलेला काळ. उभी रेघ कशाची ते आपण ठरवायचं. वीज किती गेली याची रेघ होती, शेजारचं कुत्रं किती भुंकतं याची होती, माझ्या खोकल्याचीही होती. मी दिलेली भाजी कशी झाली असं विचारलं तर चांगली किंवा वाईट म्हणायचे नाहीत. कानावरची पेन्सिल काढायचे आणि कागदाच्या तुकड्यावर एक टेकडी काढायचे. "काल इथं होती. आज इथं आहे."

मी एकदा म्हटलं, "उद्यापासून तुमची तुम्ही करा, मग रेघ कुठं जाते ते पाहू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वांग्याची भाजी केली. रेघ कागदाच्या बाहेर गेली, म्हणून खाली दुसरा कागद जोडला आणि मला आणून दाखवला. हसले नाहीत.

पेन कधी वापरायचे नाहीत. म्हणायचे, "पेनानं काढलं का माणूस त्याच्यासाठी भांडते. पेन्सिलीचं असलं तर म्हणते, बरं, पुसा." वार्डात कोणी त्यांच्याजवळ रडगाणं घेऊन आलं, सून ऐकत नाही, गुडघा दुखतो, तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "सांगू नका. काढून दाखवा." गुडघ्यावाले परत येत नसत. वार्डातली पोरं त्यांना पाहून हवेत बोटानं वरखाली रेघ काढायची. बाबूजी थांबायचे आणि विचारायचे, "हे कायचं आहे? खाली नाव तर लिहा." पोरांची मजाच जायची.

मी चौथीपर्यंत शिकले, पुढं डोळे अधू होईपर्यंत विड्या वळल्या. मला असली एकच रेघ ठाऊक होती. मालक सरकारी दवाखान्यात होते तेव्हा खाटेच्या पायाशी तापाचा कागद टांगलेला असायचा. नर्स टिंब मांडायची आणि टिंबाला टिंब जोडायची. मी आल्या आल्या मालकाचं तोंड पाहत नसे, तो कागद पाहत असे. रेघ उतरलेली दिसली की घरी येऊन जेवायची. मालक गेले ते रेघ उतरलेली असतानाच गेले. त्यामुळं कागदावर माझा पुरता विश्वास कधी बसला नाही.

म्हणून बाबूजींनी मला स्वतःची रेघ दाखवली तेव्हा माझी चूक झाली. आडव्या रेघेवर मुन्नाचं वय होतं, जन्मापासूनचं. उभी रेघ म्हणजे घर त्याला किती आपलं वाटत होतं. बाबूजींची रेघ वर होती, वरच्या वर सपाट चालली होती, ती थेट बारावीच्या वर्षापर्यंत. तिथं ती विहिरीत पडल्यासारखी सरळ खाली आली होती.

मी म्हटलं, "एकदम उतरला. चांगलं झालं मग."

"हा ताप नव्हे, बाई. इथं वर असलं तर चांगलं. खाली म्हणजे घर नाहीच."

"मग एवढे वर्षं चांगलं होतं आन् एका दिवसात खतम?"

"हौ. त्या दिवशी त्याच्या थोबाडीत मारली आणि दार लावून घेतलं. पण हा माझा कागद आहे. माझ्या मनानं असं झालं. त्याच्या मनानं कसं झालं ते त्याचं त्यानं काढून पाठवावं. तेवढंच पायजे मले."

"कायले पायजे? माफी मागा आन् मोकळे व्हा."

"कशाची मागू? मले जे माहीत आहे त्याचीच मागन ना. बाकीचं त्याच्यापाशीच राहीन."



दर महिन्याला ते एक कोरा कागद घ्यायचे, त्यावर फक्त आडवी आणि उभी रेघ मारायचे, खाली वयाचे आकडे लिहायचे आणि पाकिटात घालून नागपूरला पाठवायचे. उभी रेघ कशाची ते पहिल्या कागदावर लिहिलं होतं, त्यानंतर चिठ्ठी नाही, मजकूर नाही. तिकडून काही यायचं नाही. पोस्टमनच्या वेळेला बाबूजी फाटकात उभे असत. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी आला की तिथूनच मान हलवायचा. मग बाबूजी आत यायचे आणि दिवसभर बोलायचे नाहीत. त्यांच्याकडं मुन्नाचा फोन नंबर होता. फोन का करत नाही विचारलं तर म्हणायचे, "फोनवर तो हौ-नाही म्हणन. हौ-नाहीची रेघ निघत नाही."

बोलत नसले की त्यांच्या खोलीतून नुसता ब्लेडनं पेन्सिल तासल्याचा आवाज यायचा. मी इकडं निवडण घेऊन बसायची. माझा मुलगा पुण्याला कंपनीत आहे, फोन करतो तेव्हा गोळ्या घेतल्या का विचारतो आणि ठेवतो. अशी आम्ही दोन माणसं एका घरात होतो.

आमच्या वार्डातल्या बुद्धविहारात पावसाळाभर दर रविवारी वंदनेनंतर कोणी ना कोणी चार शब्द बोलतं. एका रविवारी बोलणारे गुरुजी आले नाहीत. समितीवाले मला म्हणाले, तुमचा भाडेकरू शिकलेला आहे, लेकरांच्या अभ्यासावर बोलेल का. बाबूजी आमच्यातले नव्हते, पण हौ म्हणाले. कागदाची गुंडाळी काखेत घेऊन निघाले तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती.

त्यांनी पताकांच्या दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी आपली रेघ टांगली. म्हणाले, "हे एका घरचं चित्र आहे. कोणाचा पोरगा पोरावर जीव लावते, कोणाची पोरगी पोरीवर. कोणाचा पोरगा म्हणते मी पोरगी आहे. असं लेकरू घरात निघालं का घर काय करते, ते हे. पाहा, इतके वर्षं लेकराले घर आपलं वाटत होतं. आणि इथं पाहा. इथं बापानं..."

"थांबा," कोणीतरी म्हणालं.

वार्डातला टेलर होता. समितीत होता, सभ्य माणूस, शर्टाला कधी सुरकुती नसायची. उभा राहून म्हणाला, "माझ्या घरचं इथं कायले टांगलं? कोणी सांगितलं तुमाले?"

बाबूजींनी कागदाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "हे तुमच्या घरचं नाही जी."

"मग कोणाच्या घरचं आहे?"

"माझ्या."

टेलरची पोरगी गेल्या दिवाळीपासून वारासिवनीला मामाकडं होती. तिथली शाळा चांगली, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं आणि सगळ्यांनी ते मानलं होतं. आता जे होतं ते त्यानंच आपल्या तोंडानं सांगून टाकलं होतं. टेलरच्या बायकोनं पदर पुढं ओढला. टेलर मधून वाट काढत बाहेर गेला आणि घाईत दुसऱ्याच्याच चपला घालून गेला.

घरी येताना मी बाबूजींना म्हटलं, "अभ्यासावर बोलाले सांगितलं होतं तुमाले."

ते अनवाणी चालत होते. "माझ्या चपला कोणीतरी नेल्या, बाई," म्हणाले.

त्या चपला परत करायला टेलर दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरापुढच्या छपरीत आला. चपला जोडून पायरीपाशी ठेवल्या आणि उभा राहिला. "मले वाटलंच, ढिल्या होत्या," म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, "काकाजी, ते उभी रेघ तुम्ही मोजली कशी?"

"मोजली नाही. अंदाजानं काढली."

"मी अंदाजानं काही करत नाही. माप घेतो."

"मग घ्या," बाबूजी म्हणाले आणि कागद-पेन्सिल पुढं केली.

टेलरनं काढली. कापडावर खडूनं मारावी तशी एका दमात काढली. त्याचीही रेघ वरच होती. दिवाळीत त्यानं पोरीच्या मोबाइलमध्ये तिचा आणि वर्गातल्या एका पोरीचा फोटो पाहिला, पोरीला मारलं आणि भाऊबीजेला बायकोच्या भावाबरोबर पाठवून दिलं. तिथं रेघ खाली. "त्याच्या आधी मी तिले एक शब्द बोललो नाही," तो म्हणाला. "शिमग्याच्या सुमाराले शाळेतल्या बाईनं कानावर घातलं होतं. तरी नाही बोललो. पाहिजे तर तिले विचारा."

"विचारू नका," बाबूजी म्हणाले. "आणा तिले."

त्या आठवड्यात टेलरची बायको जाऊन पोरीला घेऊन आली. सोळा वर्षांची असेल. मला तिनं आजी म्हणून हाक मारली, बापाकडं पाहिलं नाही. कागद घेऊन माझ्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. मी तिकडं लक्ष दिलं नाही, मला डाळ शिजवायची होती. कोण पोरगी कोणावर जीव लावते यात मला कधी काही वाटलं नाही. घरातल्या पोरीला दुसरीकडं ठेवायची आणि वर शाळेचं नाव सांगायचं, हे मात्र मला पटलं नव्हतं.

सकाळच्या उन्हात बाबूजींनी बापाचा कागद काचेवर धरला आणि त्याच्यावर पोरीचा. बापाची रेघ दिवाळीत पडत होती. पोरीची त्याच्या आधीच्या जूनमध्येच पडलेली होती. दिवाळीत ती फक्त थोडी अजून खाली गेली होती, तेही लक्ष देऊन पाहिलं तर.

टेलर म्हणाला, "जूनमध्ये का झालं? जूनमध्ये काहीच नाही झालं."

"हौ, काहीच नाही झालं," पोरगी म्हणाली. "माप नाही घेतलं तुम्ही."

दर वर्षी शाळा उघडायच्या आधी टेलर पोरीचं माप घेऊन तिचा शाळेचा ड्रेस शिवायचा. पहिलीपासून शिवत आला होता. त्या वर्षी त्यानं बाजारातून रेडिमेड आणून टेबलावर ठेवला.

"मोठी झाली म्हणून नाही घेतलं," तो म्हणाला. "पोरगी मोठी झाली का बाप..."

"झूठ. रोज दुकानात बायांचे माप घेता. मले हात लावाची घिन येत होती तुमाले." ती रडत नव्हती. "वर्गातल्या पोरी विचारत होत्या, टेलरची पोट्टी रेडिमेड काहून घालून आली."

बाबूजींनी दोन रेघांच्या मधल्या जागेवरून पेन्सिलीचं मागचं टोक फिरवलं, जूनपासून दिवाळीपर्यंत. टेलर पाहत राहिला. मग दुकान उघडायचं आहे म्हणाला आणि गेला. या वेळेस आपल्याच चपला घालून गेला.

पोरगी वारासिवनीला परत गेली नाही. इथल्याच शाळेत तिचं नाव पुन्हा घातलं. पुढल्या जूनमध्ये टेलरनं तिचा ड्रेस शिवला. माप बायकोच्या हातानं घेतलं, टेप स्वतः धरली नाही, नुसते आकडे लिहून घेतले. पण शिवला. वार्डातल्या बाया म्हणाल्या, बाबूजींनी घर जोडलं. मी म्हटलं, जोडलं वगैरे काही नाही, बाही आणि कॉलर जमली एवढंच.

टेलरच्या पोरीनं एका बैठकीत काढून दिली तशी रेघ आमच्याकडं इतकी वर्षं पोस्टानं येत नव्हती. एक दिवस बाबूजी आंघोळीला गेले होते, त्यांचा मोबाइल छपरीत होता. मी त्यातून मुन्नाला फोन लावला.

बरीच घंटी वाजली. मग आवाज आला, "हां पापा, बोलिए."

"मी तुझा बाप नाही. घरमालकीण आहे, बालाघाटाहून."

"पापा ठीक तो हैं?"

"ठीक आहेत. आंघोळ करून राह्यले. तू तो कागद काहून पाठवत नाही?"

मला वाटलं फोन ठेवला. मग म्हणाला, "आजी, सगळे कागद ठेवले आहेत मी. एक बी फेकला नाही. पेन्सिल घेऊन बसतो बी. लेकिन बना दिया तो वो देखेंगे."

"पाहण्यासाठीच तर मागून राह्यले."

"देख के क्या करेंगे? स्केल लगाएंगे."

"हौ, लावतीन. माझ्या भाजीले बी लावते."

तो थोडा हसला. बापासारखाच आवाज होता, फक्त मराठी निम्मीच राहिली होती. मी म्हटलं, "हे पाह्य, पाठवाचा नसन तर नाही म्हणून कळव. म्हातारा रोज फाटकात उभा राह्यते. पोस्टमनले लाज वाटते आता."

"देखता हूँ," म्हणाला.

थंडीत पाकीट आलं. पोस्टमननं लांबूनच हात वर केला. बाबूजी पाकीट घेऊन खोलीत गेले आणि दार ओढलं, मग उघडलं आणि मला म्हणाले, "बाई, जरा कोपरे धराले या."

मी काचेवर कोपरे धरले. खाली बाबूजींचा कागद, वर मुन्नाचा. बाबूजींची रेघ तीच होती, वर सपाट. मुन्नाची तिच्या बरोबरीनं चालत आली आणि आठवीच्या वर्षात खाली कोसळली. आणि मग तळाशीच. वर्षानुवर्षं तळाशी, बाबूजींची रेघ तिच्या डोक्यावरून आरामात चाललेली. बारावीत, जिथं बाबूजींची रेघ पडत होती, तिथं मुन्नाची वर चढत होती.

बाबूजी म्हणाले, "कागद उलटा लागला."

त्यांनी मुन्नाचा कागद काढला, पालटून लावला. आता वयाचे आकडे उलटे दिसायला लागले. पुन्हा पहिल्यासारखा लावला.

"म्हणजे बारावीत ताप चढला," मी म्हटलं.

"नाही, बाई. इथं वर म्हणजे चांगलं."

"म्हणजे तुम्ही हाकललं आणि त्याले बरं वाटलं?"

त्यांनी आठवीतल्या त्या खड्ड्यावर बोट ठेवलं. "हे का आहे? आठवीत का झालं? माझ्या कागदावर इथं काहीच नाही." मग माझ्याकडं पाहिलं, जसं काही मला माहीत असेल.

मी कोपरे सोडले. "जा आणि विचारा त्याले. आता पाकीट नका पाठवू."

दोन दिवस जेवले नाहीत धड. तिसऱ्या दिवशी पहाटेची गोंदियाची बस पकडली आणि पुढं गाडीनं नागपूरला गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले. हातपाय धुतले, छपरीत बसले. मी चहा दिला. त्यांनी स्वतःहून सांगायला सुरुवात केली, सांगताना माझ्याकडं पाहत नव्हते.

"तो दुसरा आहे ना, तो दवाखान्यात एक्स-रे काढते. त्यानंच बैठिए अंकल म्हटलं, त्यानंच चहा केला. मुन्ना उभाच होता. मी विचारलं, आठवीत का झालं. तो म्हणाला, कॉलनीत गणपतीचा कार्यक्रम होता, एक पोरगा साडी नेसून नाचला. घरी येऊन जेवताना मी त्या पोराची नक्कल केली. बायको हसली. मुन्ना बी हसला. मग मी म्हटलं, असं आपल्या घरी निघालं असतं तर खाणीत लोटून दिलं असतं."

"म्हटलं होतं तुम्ही?"

"तो म्हणते, म्हटलं. मले आठवत नाही."

"तसं सांगितलं त्याले?"

"हौ. खोटं कसं सांगू? तो म्हणाला, मुझे मालूम था, आपको याद नहीं होगा."

चहा तसाच राहिला. आतून कुकरची शिटी झाली, मी उठले नाही.

"आणि बारावीत वर काहून?"

"म्हणते, आठवीपासून रोज वाटायचं, आज पापाले कळन, आज कळन. त्या दिवशी कळून गेलं. मग भ्याचं काही राहिलंच नाही म्हणते." त्यांनी कप उचलला आणि पुन्हा ठेवला. "मी ज्या दिवसाची माफी मागाले बसलो होतो, बाई, तो त्याचा सुटकेचा दिवस निघाला. आणि ज्याची मागाची होती ते मले आठवत बी नाही."

"मग मागितली का?"

"मागितली. न आठवणाऱ्याची मागितली. तो म्हणाला, ठीक है. ठीक है म्हणजे का, ते काही समजलं नाही."

त्यानंतर ते अधूनमधून नागपूरला जात राहिले. एकदा परत आले आणि म्हणाले, खोली सोडतो. मुन्नानं त्याच्या घरामागच्या गल्लीत एक खोली पाहून दिली होती. मी म्हटलं, "घरात नाही का घेत?"

"नाही म्हणाला. रविवारी येईन म्हणाला, पक्कं नाही म्हणाला. आणि कागद आणू नका म्हणाला."

"मग जा," मी म्हटलं.

पत्र्याचे डबे माझ्या माळ्यावर ठेवून गेले. जाताना नळाखाली बादली लावून गेले, ती मी नंतर पाहिली, भरून वाहत होती. खोली अजून रिकामीच आहे. लोक येतात. कोणाला भाडं जास्त वाटतं, कोणाला मोटरसायकल आत ठेवायची असते. मीही फार आग्रह करत नाही.

जायच्या आधी त्यांनी फोनचा एक नेम सांगितला होता, मी मागितला नव्हता. म्हणाले, "रविवारी मुन्ना नाही आला तर तुमाले फोन करन. एकट्यानं बसवत नाही." पहिला पावसाळाभर बहुतेक रविवारी दुपारी फोन वाजायचा.

"बाई, नाही आला."

"कामात असन."

"हौ, असन."

"जेवलात का?"

"हौ. तुम्ही?"

"मी पण."

मग दोघंही काही बोलायचो नाही. त्यांच्या खोलीतला पंखा ऐकू यायचा, त्यांना माझ्याकडची कुत्री ऐकू येत असतील. कधी ते विचारायचे, टेलरची पोरगी कशी आहे. मी सांगायची, बरी आहे. असा अर्धा तास जायचा आणि त्यातली चार वाक्यं बोलण्याची.

एकदा मी म्हटलं, "तुम्हीच काहून नाही जात त्याच्याकडं? मागच्या गल्लीत तर आहे."

"त्यानं येतो म्हटलं आहे. मी गेलो तर त्याचं येणं होणार नाही."

नंतर फोन कमी झाले. एक रविवार यायचा, एक नाही. मग दोन-दोन रविवार नाही. होळीनंतर एकदाच आला, आणि तेव्हाही बोलता बोलता मधेच म्हणाले, "थांबा, बाई, दार वाजलं," आणि फोन तसाच बंद झाला.

तेव्हापासून वाजलेला नाही. वार्डातल्या बाया विचारतात, तुमचे बाबूजी विसरले का तुम्हाला. मी सांगते, विसरले नाहीत, मुन्ना येतो. रविवारी दुपारी मी जेवून छपरीत बसते, फोन जवळ असतो. मी लावत नाही. न जाणो, तो समोर बसलेला असेल आणि त्यांना उचलायला उठावं लागेल.